रायरांचा रोमन

रायरांनी मला माझं नाव विचारलं ते ओळख झाल्यावर साडेतीन महिन्यांनी, आणि तेही पोस्टमन माझं रजिस्टर पत्र घेऊन दारात उभा राहिला म्हणून. तोपर्यंत त्यांना माझ्या नावाची गरजच पडली नव्हती. माणूस ओळखायला त्यांच्याकडे एकच प्रश्न होता. दूधवाला असो, मीटर वाचायला आलेला माणूस असो, नाहीतर डोळ्यांचे डॉक्टर असोत, रायर चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, "तुमचा रोमन कोण?"

दोन हजार पाच-सहाचा काळ. मी सांगलीचा, नोकरी तमिळ मुलखात शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत, आणि मुक्काम त्याच शहरात तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये. मॅन्शन म्हणजे ब्रह्मचाऱ्यांचं कोठार. एका खोलीत आम्ही चौघे आणि पंखा एक. त्याचा वारा नोकरीतल्या ज्येष्ठतेनुसार मिळायचा, आणि मी सगळ्यांत कनिष्ठ असल्यामुळे मला फक्त त्याचा आवाज मिळायचा. अशात कुणीतरी सांगितलं, देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत एक म्हातारे मराठी गृहस्थ आहेत, वरची खोली देतात. मराठी! मी चपला उलट्या घालून धावलो.

रायर ओसरीवर बसले होते. उंच, वाळलेले, कपाळावर गंध, कमरेला पांढरी वेष्टी. तंजावरकडचे मराठी. तीनशे वर्षांपूर्वी यांचे पूर्वज दक्षिणेत उतरले आणि परत जायचं विसरून गेले. नावामागचा 'राव' तमिळ शेजाऱ्यांनी आदरानं ताणून 'रायर' केला. त्यांची मराठी ऐकली की एखादी बखर उठून आपल्याशी गप्पा मारायला बसली आहे असं वाटायचं, मधूनच तिला तमिळ उचकी लागायची. मी खोलीबद्दल विचारलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"तुमचा रोमन कोण?"

मला वाटलं, जामीन कोण राहणार असं विचारतायत. मग लक्षात आलं, रोमन म्हणजे रोमन. मला एकच माहीत होता. "ज्युलियस सीझर," मी ठोकून दिलं.

रायरांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्या देवघरात मटण मागितलं. "अय्यो! सगळे सीझरच सांगतात. वरच्या खोलींत आजवर सात जण राहिले. सहा सीझर. एक नीरो."

"मग नीरोचं काय झालं?"

"शेगडी पेटती ठेवून गांवास गेला." त्यांनी छताकडे बोट दाखवलं. तिथं खरोखरच काळा डाग होता. "सरि, राहा. पण सीझर चालणार नाहीं. विचार करून दुसरा सांगा. आतां कापी घ्या."

मी खिशातून पेन काढलं आणि कशाची कॉपी करायची ते विचारलं. त्यावर रायर जे हसले ते तळ्याकाठची कबुतरं उडाली. कापी म्हणजे कॉफी.

रायर निवृत्त इतिहास शिक्षक होते. मुलांना त्यांनी चोळ शिकवले, मोगल शिकवले, पण जीव अडकला होता रोममध्ये. आपलं विद्वान लोकांचं जे काही असतं, की अमक्यानं रस्ते बांधले, तमक्यानं कायदे केले, त्यात त्यांना काडीचा रस नव्हता. त्यांची कसोटी घरमालकाची होती. हा माणूस वरच्या खोलीत ठेवावा की नाही? दर रविवारी सकाळी मी ऑफिसच्या इंटरनेटवरून हुडकलेला नवा रोमन घेऊन खाली उतरायचो आणि रायर त्याला कापीच्या पहिल्या घोटातच जिन्यावरून ढकलून द्यायचे.

"सिसेरो," मी म्हणायचो.

"बोलतो फार. एक तुम्ही आहांत तेवढे पुरे."

"केटो."

"कुठल्याही बोलण्याचा शेवट कार्थेज जाळा असा करणार. नळाला पाणी नाहीं म्हटलें तरी कार्थेज. नको."

"ऑगस्टस तरी?"

"फार सभ्य. सहा महिन्यांत घर त्याचें झालेलें असेल, आणि आपणच त्याला म्हणूं, बसा हो, बसा."

सिन्सिनॅटस मला मनापासून आवडला होता. देशानं बोलावलं तर सर्वाधिकारी झाला, काम उरकलं आणि पुन्हा नांगराला जुंपून घेतलं. मी सगळा शनिवार त्याच्यावर घालवला होता. रायर म्हणाले, "पंधरा दिवसांत खोली सोडून शेतावर जाणारा माणूस. मी पुन्हा पाटी लावूं कां दारावर?" मार्कस ऑरेलियसला मात्र त्यांनी ओसरीपर्यंत येऊ दिलं. "चांगला आहे. फार चांगला. पण त्याचा तो दिवटा मुलगा भेटायला येईल ना!"

वर्षभरात मी अठ्ठेचाळीस रोमन नेले. एवढे तर खुद्द हॅनिबलनं मारले नसतील. चिडून एकदा मी विचारलं, "तुमचा स्वतःचा रोमन कोण, ते तरी सांगा ना एकदा!"

रायरांनी कापीचा शेवटचा घोट घेतला. मग म्हणाले, "विचार चालूं आहे."

हा विचार सव्वीस वर्षं चालू होता. आठवीच्या वर्गात एका मुलीनं उभं राहून विचारलं होतं, सार, तुम्हाला यातला कोण आवडतो? रायर म्हणाले, उद्या सांगतों. ती मुलगी शिकली, तिचं लग्न झालं, ती स्वतः कुठंतरी मुख्याध्यापिका झाली, आणि दर पोंगलला तिचं शुभेच्छापत्र येई. खाली एका कोपऱ्यात लिहिलेलं असे, 'सार, उद्या?'

आणि हे फक्त रोमनांपुरतं असतं तर मी सोडून दिलं असतं. हा माणूस भाजीवालीच्या पुढ्यात दोन पडवळं हातात घेऊन असा उभा राही की मागची रांग मरीना बीचपर्यंत जाई. "हें कोंवळें आहे, पण तें सरळ आहे." भाजीवाली शेवटी दोन्ही काढून घेऊन तिसरंच पिशवीत टाकायची. तिला रायर कळले होते. मला मात्र अजून रोज नव्यानं वैताग यायचा.

खरा वैताग मीराचा होता. मीरा म्हणजे रायरांची एकुलती मुलगी. लग्न होऊन ती मुंबईला असे, आणि बायको गेल्यापासून रायर या घरात एकटे. मी येण्याआधी ते एकदा न्हाणीघरात पडले होते आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून मीरा त्यांना मुंबईला बोलवत होती. त्यांच्यासाठी खोली रिकामी ठेवून होती. दर रविवारी खालच्या फोनवर तिचा आवाज मला जिन्यातून ऐकू येई, आणि रायरांचं उत्तरही, कारण ते बदलतच नसे: "विचार चालूं आहे, मीरा."

तिनं माझा मोबाइल नंबर घेतला होता. मला म्हणायची, "अहो, तुम्ही तरी सांगा अप्पांना. मला रात्री झोप लागत नाही. फोनची घंटा जास्त वेळ वाजली की मला ते न्हाणीघरच दिसतं. ते सरळ नाही म्हणाले तरी चालेल, मी तिकडं यायचं बघीन. पण हे हो पण म्हणत नाहीत आणि नाही पण म्हणत नाहीत!"

मी रायरांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "घर सोडणें म्हणजे काय पडवळ आहे?" मी मनात म्हटलं, पडवळ तरी तुम्ही कुठं घेता!

आता त्यांच्या अक्षराबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला. रायर तमिळ शाळेत शिकले, तमिळ शाळेत शिकवलं. घरची भाषा मराठी, पण देवनागरी त्यांना येत नव्हती. त्यामुळे ते मराठी लिहीत ती तमिळ अक्षरांत. म्हणजे तमिळ माणसानं वाचली तर त्याला अर्थ लागू नये आणि मराठी माणसाला मुळात वाचताच येऊ नये! अशी बंदोबस्ताची भाषा मी दुसरी पाहिली नाही. मी बसच्या पाट्या वाचण्यापुरती तमिळ अक्षरं शिकलो होतो. (शिकावीच लागली. एकदा शोळिंगनल्लूरला उतरायचं ते मी पाटी न कळल्यामुळे जवळजवळ पाँडिचेरीला पोचलो होतो.) त्यामुळे रायर माझ्यासाठी दाराला चिठ्ठ्या लावत आणि मी त्या अक्षर अक्षर जुळवून वाची.

त्यात मेख अशी की तमिळमध्ये प, फ, ब आणि भ या चौघांना मिळून एकच अक्षर. ज्यानं त्यानं समजून घ्यायचं. पहिल्याच आठवड्यात दारावर चिठ्ठी होती. मी वाचली: 'पाजी आत आहे.' आता घरात कोण पाजी शिरला, या विचारानं मी छत्री उगारून अर्धा तास जिन्यात उभा. शेवटी रायरच बाहेर आले. भाजी आत होती. पडवळाची.

तर एका शुक्रवारी मी ऑफिसातून आलो तेव्हा खाली कुलूप होतं. रायर भाच्याच्या मुलाच्या मुंजीला तंजावरला गेले होते, रविवारी परतायचे होते. माझ्या दाराला चिठ्ठी होती. मी दिव्याखाली धरून जुळवली. पहिला शब्द, 'ठरलें.' माझा विश्वास बसेना. पुन्हा वाचला. ठरलें! रायरांचं काहीतरी ठरलं! दुसरा शब्द, 'बाम्बे,' म्हणजे मुंबई. आणि मग, 'मीरास सांगा.'

मी तिथल्या तिथं जिन्यावर नाचलो. समोरच्या घरातल्या आजींनी खिडकी लावून घेतली. लगेच मीराला फोन लावला आणि चिठ्ठी वाचून दाखवली. पलीकडं काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

"हॅलो? मीराताई?"

"पुन्हा वाचा."

"ठरलें. बाम्बे. मीरास सांगा."

"त्यांच्याच हातची आहे?"

"असं अक्षर दुसरं कोण काढणार!"

मग ती रडायला लागली. बाई काय रडली! मोबाइल माझ्या हातात ओला झाला असं मला वाटलं. मध्येच हसत होती, नवऱ्याला हाका मारत होती, मला थँक्यू म्हणत होती आणि पुन्हा रडत होती. शनिवारी दुपारपर्यंत तिनं रंगाऱ्याला बोलावून खोलीला रंग लावला होता, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली होती आणि स्वतः न्यायला येण्याची तिकिटं काढली होती. बापाच्या बरोबर उलट स्वभाव.

रविवारी सकाळी दारावर थाप पडली. रायर! जिना चढून! गुडघ्यांमुळे ते वर कधी येत नसत. हातात मुंजीचे लाडू, आणि चेहरा असा की मुंज ह्यांचीच झाली असावी.

"मग? कसा वाटला?"

"काय कसा वाटला?"

"अहो, चिठ्ठी वाचली नाहीं? पाम्पे!"

सीझरचा जावई आणि मग सीझरचा वैरी असा जो पाँपी नावाचा सेनापती, त्याला रायर 'पाम्पे' म्हणत. प आणि ब, दोघांना एकच अक्षर. माझ्या पायाखालचा जिना तिरुवल्लिकेणीसकट खचला.

पण रायरांना थांबवणार कोण? सव्वीस वर्षं तुंबलेलं पाणी होतं ते. पायरीवर बसले आणि सुरू झाले. "तंजावरास जायची पिशवी भरतां भरतां ठरलें, पाहा. लढाया जिंकणारे पुष्कळ झाले हो. हा बायकोवर इतका जीव लावून होता कीं रोमचे लोक हंसत. सेनापति असून घरींच बसतो म्हणून. ती गेली बाळंतपणांत. मग सीझर चालून आला तेव्हां ह्यानें रोम सोडलें. लोक पुन्हा हंसले, भ्याला म्हणाले. पण आपलें घर मागें टाकून निघतांना त्यास काय वाटलें असेल, हें कोणीं लिहून ठेवलें नाहीं. मी सगळीं पुस्तकें धुंडाळलीं. इल्लै, कुठेंच नाहीं. कोणीं विचारलेंच नाहीं त्यास!"

"मग... याला वरची खोली देणार?" मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"वरची कशाला? खालीं ठेवून घेतला असता. माझ्या खोलींत." त्यांनी पंच्यानं डोळे पुसले. "मीरास सांगितलेंत ना? लहानपणापासून विचारून विचारून तिनें माझा जीव खाल्ला. काय म्हणाली?"

आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या आहेत, आणि चांगल्या मारल्या आहेत. त्या सकाळी एकही सुचेना. मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, बाम्बे, फोन, रंग, दांडी, तिकिटं. सांगता सांगता मी म्हणालो, "मी आत्ता फोन करतो. चूक माझी आहे, मी तिला सांगतो."

रायर लाडवांच्या पुडीचा दोरा गुंडाळत होते. सगळा दोरा गुंडाळून झाल्यावर म्हणाले, "रडली?"

"हो."

"दुःखानें?"

"नाही हो. आनंदानं."

"पुष्कळ?"

"खूप वेळ. शेवटी मी म्हटलं, आता झोपा."

"दांडी पण बसवली?"

"काल दुपारीच."

"चिठ्ठी आणा पाहूं."

मी आणून दिली. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि स्वतःचं अक्षर असं वाचायला लागले की जणू कुणी जमिनीतून खणून काढलेला ताम्रपट त्यांच्या हातात दिला होता. उजेडाकडे धरली. लांब धरली. दोन पडवळांमध्ये अर्धा तास उभा राहणारा माणूस, मला वाटलं आता दिवाळीपर्यंत इथंच बसणार.

"बाम्बे," रायर म्हणाले.

"काय?"

"बाम्बेच लिहिलें आहे. स्पष्ट आहे कीं. तुम्हांस उगाच शंका."

"अहो रायर! आत्ता तुम्ही मला अर्धा तास पाम्पे..."

"कोण पाम्पे?" चष्मा पुन्हा कपाळावर गेला. "लाडू खा. आणि मीरास ह्यांतलें कांहीं सांगाल तर ह्या घरांत पाऊल ठेवूं नका."

मी भांडलो. तुमचं घर आहे, तुमची गल्ली आहे, तुम्ही तिला नाही म्हणालात तरी चालेल असं तीच म्हणते, सगळं बोललो. आवाज तळ्यापलीकडे गेला असेल. ते लाडू मोडून मोडून माझ्या हातावर ठेवत राहिले. शेवटी मी दमलो. तोंडात लाडू असताना मोठ्यानं भांडता येत नाही, हे त्यांना माहीत असावं.

पुढच्या आठवड्यात मीरा आणि तिचा नवरा आले. मी रजा काढून पुस्तकं पोत्यांत भरली. रोमच्या अकरा पोत्यांनी माझी पाठ धरली ती अजून सुटलेली नाही. रायर मधूनच येऊन म्हणत, "हें वर ठेवा. नाहीं, खालीं. थांबा, विचार करूं द्या." मी काय काय बोललो ते इथं लिहिता येण्यासारखं नाही.

सेंट्रल स्टेशनवर मी पोचवायला गेलो. दुपारची गाडी. रायर खिडकीशी बसले, मीरा त्यांना खेटून. ती इतकी खूश होती की फलाटावरच्या अनोळखी लोकांनाही सांगत होती, माझे वडील आहेत, माझ्याकडं येतायत. मग तिनं त्यांच्या दंडाला धरून हलवलं.

"अप्पा, आता तरी सांगा. इतकी मोठी गोष्ट ठरवलीत, मग ती छोटी का नाही? तुमचा रोमन कोण?"

मी खिडकीचा गज धरला. रायरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीबाहेर, माझ्या डोक्यावरून कुठंतरी पाहत ते म्हणाले, "विचार चालूं आहे, मीरा. घाई कशाला?"

"बघा!" मीरा खिडकीतून वाकून मला म्हणाली. "ह्या माणसाचं काही ठरेल तर शपथ!"

सव्वीस वर्षांचं उत्तर माझ्या जिभेवर होतं. गाडी हलली. मी चार पावलं तिच्याबरोबर चाललो.

"नाही हो," मी म्हणालो. "त्यांचं नाहीच ठरत."